लेबलावरचा चेहरा

शुक्रवारी आमची शेड बंद असायची. बाकीचे सहा दिवस घराला गंधकाचा वास असे. तो अब्बांच्या कुर्त्याला असे, गोधड्यांना असे, अम्मी ज्या परातीत भाकरी थापायची तिलाही असे. शुक्रवारी मात्र सकाळपासून दालच्याचा वास सुटायचा. डाळीत शिजलेल्या दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी, चिंचेचा कोळ, वरून कढीपत्त्याची फोडणी. ती चर्रकन पडली की गल्लीतली मांजरं दाराशी येऊन बसत. अब्बा न्हाऊन, अत्तर लावून मशिदीत जात आणि ते परत येईपर्यंत आम्हा भावंडांना पातेल्याला हात लावायची परवानगी नसे. तेरखेड्यात तेव्हा बऱ्याच घरांचं पोट फटाक्यांवर होतं. आमची शेड लहान, गावाबाहेर माळावर, ओढ्याच्या पलीकडं. अब्बांचे नियम मात्र कडक होते. शेडमध्ये पायात चप्पल नको, खिशात काडीपेटी नको. फटाक्यांची दारू कालवायची ती पहाटेच्या गारव्यात. ऊन चढलं की ते काम बंद, मग नुसतं सुतळी गुंडाळणं आणि पुडे भरणं. दारात ओलं पोतं कायम पडलेलं. कुणी कुरकुर केली तर अब्बा म्हणत, ‘हात घेऊन आलात, हात घेऊनच घरी जायचं.’

कामाला बायका जास्त. अब्बा त्यांच्याशी मान खाली घालून बोलत. वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या बाईचाही चेहरा त्यांनी नीट पाहिलेला नसे. कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखत. गावात या गोष्टीचं कौतुक होतं, मलाही तिचा अभिमान वाटे. पुढं जे घडलं त्यात अब्बांच्या या चांगल्या सवयीचाही वाटा आहे, आणि हे वाक्य लिहिताना माझा हात अडतो, कारण खरा वाटा माझा आहे.

सौदीहून मामू आले तेव्हा त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ आणला आणि सोबत एकच कॅसेट. जुन्या परदेशी कार्टूनची. पाच-सात मिनिटांची एकेक गोष्ट, काही रंगीत, काही काळी-पांढरी, आणि सगळ्यांत पळापळ, पडापडी, हाणामारी. बोलणं फारसं नव्हतंच, त्यामुळं भाषेची अडचण कुणालाच आली नाही. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली आणि वीज असली की शेडवरच्या बायका आणि त्यांची पोरं आमच्याकडं यायची. अंगणातून आत येताना पाय धुवायची, तरटावर दाटीवाटीनं बसायची. अम्मी दाराच्या आडून गुळाचा चहा पुढं सरकवायची. दगडूमामा तेवढा एकटा पुरुष. तो दारू कालवायचा. आमच्याकडं येण्याआधी दुसऱ्या एका शेडमध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

त्या कार्टूनमध्ये दर दोन मिनिटाला बॉम्ब असे. काळा गोल गोळा, त्याला लांब पांढरी वात, वातीला सळसळणारी ठिणगी. आमच्या प्रेक्षकांना यातलं सगळं कळत होतं, त्यामुळं त्यांची करमणूक जरा वेगळी होती.

‘येवढी लांब वात कोण लावतंय रं?’ दगडूमामा ओरडायचा. ‘तवर माणूस कळंबचा बाजार करून येतंय!’

‘मामा, सुतळी बी न्हाय गुंडाळली. फुसकाच निघतुय बघा.’ एखादी बाई भर घालायची.

मग तो बॉम्ब फुटायचा. पडदाभर धूर. धूर निवळला की मघाचा बोका किंवा डुक्कर किंवा जो कोण असेल तो जागच्या जागी उभा. अंगाला काही झालेलं नाही, पण तोंड काळं कुळकुळीत, ओठ जाडजूड पांढरे, डोळे बटाट्याएवढे, आणि डोक्यावर केसांच्या छोट्या छोट्या शेंड्या, प्रत्येक शेंडीला रिबीन. दोनदा डोळे मिचकावायचा आणि पुढच्या दृश्यात पुन्हा पहिल्यासारखा.

‘आन् हात कुठंयत त्याचे?’ दगडूमामा आपला डावा हात वर धरून म्हणायचा. ‘येवढ्या दारूत नुसतं तोंड काळं? मग माजं काय वाकडं हुतं?’ यावर पडद्यापेक्षा मोठा हशा व्हायचा.

आज मला त्या कॅसेटमधले बाकीचेही आठवतात. केसात हाड खोचून मोठ्या हंड्याभोवती नाचणारे काळे लोक. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा असलेला एक धोबी. एक जाडजूड मोलकरीण, जिचे फक्त पाय दिसायचे, ढिले मोजे आणि हातातला झाडू. तिला तोंड नव्हतंच. ही सगळी कुठल्या तरी खऱ्या माणसांची टवाळी आहे हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. तसे लोक आमच्यापैकी कुणी पाहिलेच नव्हते. आम्हाला वाटायचं, कार्टूनमधलं मांजर जसं निळं असतं तसे हेही. पण मी एवढं म्हणून सुटू शकत नाही. ज्या तोंडाला हसायचं ते आमच्या गावात नव्हतं, म्हणून मी शोधून काढलं.

सुनंदा आमच्या शेडवर आईबरोबर यायची. आई गोदाबाई; अब्बांच्या शेडवरची सगळ्यांत जुनी बाई, सगळ्यांत घट्ट सुतळी तिची. सुनंदा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, सातवीनंतर शाळा सुटलेली. शाळा सुटली तरी शाळेसारख्याच दोन वेण्या घालून त्या वर दुमडून लाल रिबिनीनं बांधायची. रंगानं काळी. हसली की पुढच्या दातांतली फट दिसायची. कॅसेट लागली की सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची, इतकी की शेजारणीच्या मांडीवर डोकं टाकायची. एका शुक्रवारी ते काळं तोंड पडद्यावर आलं आणि मी सगळ्यांच्या मागून ओरडलो, ‘अरे, ही तर आपली सुनंदा!’

क्षणभर कुणाला कळलं नाही, मग रिबिनी कळल्या, आणि सगळं घर हसलं. सुनंदाही हसली. पण ती इतरांनंतर हसली. तेवढं अंतर मला तेव्हाही ऐकू आलं होतं.

त्या वर्षी अब्बांना सुतळी बॉम्बचा नवीन पुडा काढायचा होता. तोवर पुड्यांवर लक्ष्मीचं चित्र असायचं. सगळेच तसं करत. पण अब्बांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. लोकांची देवी, ती आपल्या पुड्यावर, पुडा फाटणार, रस्त्यात पडणार, पायाखाली येणार. उद्या कुणी म्हणालं, मुसलमानानं मुद्दाम केलं, तर? ‘कुणाच्या देवाचं नको,’ ते म्हणाले. ‘हसायला येईल असं काहीतरी काढ.’ माझी चित्रकला शाळेत नावाजलेली होती. अम्मीला माझी चित्रं आवडत नसत. नमाजाच्या खोलीत ती एकही लावू द्यायची नाही. अब्बांनी स्वतःहून चित्र मागितलं ते आयुष्यात तेवढं एकदाच.

मी वही घेऊन दोन दिवस शेडबाहेर लिंबाखाली पोत्यावर बसलो. समोर पडवीत बायका पुडे भरत होत्या. कॅसेटमधलं तोंड मला पाठ होतं, पण नुसतं तेच काढलं तर त्यात जीव येत नव्हता. म्हणून मी समोर बघत गेलो. दातांतली फट तिची घेतली. दुमडलेल्या वेण्या आणि रिबिनी तिच्या घेतल्या. हसताना मान एका बाजूला कलायची, ती घेतली. मग ओठ कॅसेटमधले लावले, डोळे कॅसेटमधले लावले, आणि सगळं काळं केलं. वर धूर. खाली मोठ्या अक्षरांत ‘काळी राणी’. चित्र फार छान झालं होतं. हे मी आज चित्रकलेचा शिक्षक म्हणून सांगतो, आणि सांगताना लाज वाटते. अब्बांनी ते हातात घेतलं, हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी ते ओळखलं नाही. कसं ओळखणार?

बार्शीहून लेबलं छापून आली ती गठ्ठ्यांनी. ती पुड्यांवर चिकटवायचं काम बायकांचंच. मध्ये खळीचं पातेलं, भोवती सहा-सातजणी, त्यात सुनंदा. मी मुद्दाम शाळा बुडवून गेलो होतो, माझं छापलेलं चित्र बघायला. पहिलं लेबल उचलल्यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी तोंडाला पदर लावला.

‘ह्ये कोण गं?’ गोदाबाईनं विचारलं. तिची नजर कमजोर होती.

‘म्याच हाय की,’ सुनंदा म्हणाली. लेबलाला खळ लावली, पुड्यावर चिकटवलं, तळहातानं दाबलं, दुसरं उचललं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘बाबू, माजे दात एवढे फाकलेत व्हय रं?’

‘चित्रात मोठं काढावं लागतं,’ मी म्हणालो.

तिनं त्या दिवशी शेकडो पुडे केले असतील. तिच्या बोटांना खळ वाळून पांढरी झाली होती. मी संध्याकाळी एक पुडा खिशात घालून घरी आलो आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून बघत राहिलो.

पुडा खपला. वाशी, येरमाळा, कळंब, सगळीकडच्या दुकानांत ‘काळी राणी’ लटकली. गावात पोरं सुनंदा दिसली की कानावर हात ठेवून ‘ढुम्म’ म्हणायची. मीही एकदा म्हणालो. दोनदा. पुढच्या शुक्रवारपासून ती कॅसेट बघायला आली नाही. आणि मग एका शुक्रवारी दुपारच्या जेवणाच्या वेळी गोदाबाई आमच्या अंगणात आली. शुक्रवारी लेकीला धाडून स्वतः कधी आमच्याकडं न येणारी बाई त्या दिवशी ओट्यापर्यंत आली. अब्बा जेवत होते. ताट सारून उठले, मान खाली घालून उभे राहिले.

‘मालक, काल सुनंदाला बघाया पाव्हणं आलतं. सुपारी फुटायचंच बाकी हुतं. पव्हं खाता खाता त्यांच्यातल्या एका पोरानं खिशातनं पुडा काढला, तुमचाच, आन् माज्या लेकीच्या तोंडापाशी धरला. समदे हसले. नवरामुलगा बी हसला. पाव्हणं उठून गेलं. माज्या लेकीचं तोंड लोकास्नी फोडाया देताव व्हय, मालक?’

अब्बांना आधी काही समजलंच नाही. त्यांनी मला हाक मारली. आत जाऊन एक पुडा घेऊन यायला सांगितलं. तो हातात धरून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी मान वर करून गोदाबाईच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं.

‘बाबू, सच बोल. ये किसका मुँह है?’

अम्मी दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. मला आठवतं, ताटातल्या दालच्यावर साय धरल्यासारखा तेलाचा थर आला होता आणि मी त्याकडं बघत होतो. मी मार खाल्ला नसता. अब्बा मारत नसत. त्यांनी फार तर ती लेबलं ओढ्यात टाकायला लावली असती आणि मला गोदाबाईच्या पाया पडायला लावलं असतं. भीती मला त्याची नव्हती. माझं पहिलं छापलेलं चित्र गेलं असतं, त्याची होती.

‘किसी का नै, अब्बा. कॅसेट में है वो. परदेस का है.’

आणि ते खोटं अर्धं खरं असल्यामुळं माझा आवाज जराही कापला नाही. अब्बांनी सुटकेचा श्वास सोडला. मग मराठीत, हात जोडून म्हणाले, ‘गोदाबाई, माझा पोरगा खोटं बोलत नाही. ते परदेशातलं चित्र आहे. तुमच्या लेकीचं नाही. पोरं नालायक असतात, त्यांनी जुळवलं. तुमच्या मनात बसलंय ते काढून टाका.’

गोदाबाई माझ्याकडं बघत राहिली. मी मान खाली घातली. अब्बांसारखी.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मंग माजंच चुकलं आसंल.’

दुसऱ्या दिवशीपासून मायलेकी आमच्याकडं आल्या नाहीत. गावाच्या दुसऱ्या अंगाला एकानं नवीन शेड टाकली होती, पत्र्याची, खुल्या रानात. तिथं जायला लागल्या. तिथं दिवसभर दारू कालवायचे, ऐन दुपारीसुद्धा, कारण दिवाळी तोंडावर होती. दगडूमामा एकदा अब्बांना म्हणाला, ‘मालक, त्या शेडीत ओलं पोतं न्हाय.’ अब्बा म्हणाले, ‘मी बोलावू कसा? तिचा माझ्यावर राग आहे.’ दोघांचं हे बोलणं मी ऐकलं. तेव्हाही मला खरं सांगता आलं असतं. अजून आठ-दहा दिवस होते.

तेरखेड्यातल्या पोरांना आवाज कळतात. बार तपासला की कोरडा आवाज येतो आणि संपतो. त्या दिवशीचा आवाज जमिनीतून आला. आम्ही वर्गात होतो. बाकावरची कंपासपेटी हलली, आणि गुरुजींच्या आधी आम्ही पोरंच उठून पळालो. नव्या शेडीचे पत्रे शेतात लांबवर जाऊन पडले होते. गोदाबाई जागेवर गेली होती. सुनंदाला तोवर कुणीतरी जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं होतं. मी तिला पाहिलं नाही. दगडूमामा एका बांधावर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून, आणि मी जवळ गेलो तर त्यानं हातानं मला दूर सारलं.

अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. उरलेली लेबलं त्यांनी सकाळी हौदात बुडवून त्यांचा लगदा केला. एवढंच म्हणाले, ‘चेहरे की तस्वीर अब नको.’ त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढं ते बरीच वर्षं जगले. मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. कॅसेट अम्मीनं कुठं ठेवली, कुणास ठाऊक. शुक्रवारी पुन्हा ती कधी लागली नाही.

मी कळंबला शाळेत चित्रकला शिकवायला लागलो. सुनंदा कळंबलाच भावाकडं राहते, धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ती गल्ली टाळायला मला दररोज दीड गल्ली जास्त चालावं लागायचं आणि मी ते चाललो. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचा पोरगा मोबाइलवर तीच जुनी कार्टून बघत बसला होता. बॉम्ब, वात, धूर. मी त्याच्या मागं उभा राहिलो. धूर निवळायच्या आतच पुढचं दृश्य आलं. ते तोंड कुणीतरी कापून टाकलं होतं. मग मी त्याबद्दल वाचत गेलो. ती कार्टून ज्या देशातली, तिथं गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या लोकांची नक्कल करत, लोक हसत, आणि ती नक्कल तशीच कार्टूनमध्ये आली. पुढं काळ्या माणसांच्या पोरांना शाळेत त्याच तोंडावरून चिडवलं जायचं. मला प्रत्येक ओळ ओळखीची वाटत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती गल्ली धरली.

दार तिच्या भाचीनं उघडलं. मी नाव सांगितलं. ‘आत्या, कुणी बाबू आलेत, कोण गं हे?’

‘आमच्या मालकाचा पोरगा हाय,’ आतून आवाज आला. आवाज तोच होता. ‘चित्रं काढतुय.’

तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. एकदा तिच्या चेहऱ्याचं जे केलं तेवढं पुरे. हाताची बोटं एकमेकांना जुळून आली आहेत, तरी ती शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. ओट्यावरचं खोटंही. ती शेंगा फोडत राहिली.

‘मला म्हाईत हाय,’ ती म्हणाली. ‘तू लिंबाखाली बसून माज्याकडं बघायचास, मंग वहीकडं बघायचास. मला वाटलं, माजं चित्र काढतंय पोरगं. लई बरं वाटलं हुतं. दुसऱ्या दिशी नव्या रिबिनी बांधून आलते.’



‘चित्राचं जाऊ दे. आईला खोटं पाडलंस. नव्या शेडीत बसल्याबसल्या म्हणायची, मालक लबाड बोलायचे न्हाईत, मंग माज्याच डोळ्याला कसं दिसलं? त्येच घोकीत गेली ती.’

मी उठणार तेवढ्यात तिनं विचारलं, ‘बाबू, कागद हाय का तुज्याकडं?’ पिशवीत होता. ‘माजा त्या आधीचा एक बी फोटू न्हाय. आधारवर सुदिक ह्येच तोंड हाय. ही पोरगी सारकी इचारती, आत्या तू कशी हुतीस. मला बी आठवंना झालंय. तू लई बघितलंस मला. काढून दाव.’

मी कागद मांडीवर घेतला. तीस वर्षं मी पोरांना चेहरे काढायला शिकवतो. पहिली रेघ ओढली आणि माझा हात सरळ त्या जाड ओठांकडं गेला. खोडलं. पुन्हा काढलं, तर ते बटाट्याएवढे डोळे. मी डोळे मिटून पडवी आठवली, खळीचं पातेलं आठवलं, तिचे हात आठवले. तोंड आठवलं की तिथं लेबल होतं. मग मी जे करायला नको ते केलं. समोर बसलेल्या भाचीचं नाक घेतलं, कपाळ घेतलं, दोन वेण्या घातल्या, मान थोडी कलती केली. चांगली, साधी, हसरी पोरगी कागदावर आली. सुनंदानं तो जुळलेल्या बोटांत धरला, उजेडाकडं नेला आणि बघत राहिली.

‘अशी हुते व्हय म्या?’

भाचीही वाकून बघत होती. हो म्हणालो असतो तर दोघींनी तो कागद भिंतीला लावला असता, आणि कुणालाच कधी कळलं नसतं. माझा आवाजही कापला नसता.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘सुनंदा, मला तुझा चेहरा आठवत नाही. मला फक्त तेच आठवतं, जे मी काढलं होतं.’

तिनं कागदाकडं आणखी थोडा वेळ पाहिलं. मग तो माझ्या हातात परत दिला.

‘मंग ही दुसऱ्याच कुणाची तरी लेक हाय,’ ती म्हणाली. ‘घिऊन जा.’ आणि शेंगांची पाटी पुन्हा जवळ ओढून घेतली.